अर्थ आम्ही लावू

गेर्लिंडे ट्सोखर रागावली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. तळघरातल्या आम्हा कारागिरांना ते पक्कं ठाऊक होतं. ती हळू बोलायला लागली की मी लेथ बंद करून बाहेर सिगरेट ओढायला जायचो.

व्हिएन्नातल्या त्या भौतिकशास्त्राच्या संस्थेत मी लोखंडावर होतो, ती काचेवर. आरसे घासायचे, मुलामा द्यायचा, मग डोळ्याला दिसणारही नाही इतकं थोडं थोडं सरकवत ते जागेवर बसवायचे, हे तिचं काम. ऑटाक्रिंग या कामगार वस्तीतल्या एका चष्मेवाल्याची मुलगी. शाळा चौदाव्या वर्षीच सुटलेली. आमच्या शहरात नावाआधी पदवी नसली तर दारवानसुद्धा मान वर करत नाही, आणि तिला पदवी नव्हती. वरच्या मजल्यावर तिला सगळे नुसतं ‘फ्राउ गेर्लिंडे’, म्हणजे गेर्लिंडेबाई, म्हणत, बहुतेकदा कॉफी मागताना.

त्र्याहत्तर साली ऑस्ट्रियाच्याच पूर्व सीमेवरच्या बुर्गेनलांडमधल्या एका क्रोएशियन वस्तीच्या खेड्यातून यूर्कोविच नावाचा मुलगा डॉक्टरेट करायला आला. द्राक्षमळेवाल्याचा पोर, हात कामाचे. संस्थेचे प्रमुख वेसेली, ‘होफराट’ ही सरकारी मानाची पदवी मिरवणारे, यांनी त्याला एक प्रयोग दिला आणि आरशांसाठी खाली गेर्लिंडेबाईंकडे पाठवलं.

प्रयोग ऐकायला सोपा. एक दिवा, इतका मंद केलेला की प्रकाशाचा एका वेळी एकच कण सुटावा. पुढे अर्धा आरसा, म्हणजे अर्धा प्रकाश आरपार जाऊ देणारा आणि अर्धा वळवणारा. तिथून दोन वाटा फुटायच्या आणि दुसऱ्या अर्ध्या आरशापाशी पुन्हा एकत्र यायच्या. त्याच्यापलीकडे दोन मोजयंत्रं, एक डावीकडे, एक उजवीकडे. कण आला की टिक्.

ट्राम गेली तरी आरसे हलायचे, म्हणून बाई ट्रामा कमी असत त्या रविवारी यायच्या. सात महिने खपल्यावर त्यांनी सगळं असं बसवलं की दोन्ही वाटा मोकळ्या असताना प्रत्येक टिक् डावीकडे पडे. उजवं यंत्र जवळजवळ मुकं. मग यूर्कोविचनं एका वाटेत काळा पुठ्ठा धरला, आणि उजवं यंत्र बोलायला लागलं.

“थांब,” बाई म्हणाल्या. “वाट बंद केल्यावर तिथे जास्त येतात?”

“हो.”

“आणि येतोय तो तर दुसऱ्या, मोकळ्या वाटेनं. त्याला कुणी सांगितलं, शेजारची वाट बंद आहे म्हणून?”

“बाई, त्याच्यावरच पन्नास वर्षं भांडण चाललंय.”

मग त्यानं समजावलं. लेबरकेझचा, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या कापाचा, पाव चावत, खडूनं टेबलावर रेघा ओढत. काही म्हणतात, टिक् होईपर्यंत कण कुठल्या वाटेनं गेला हे विचारूच नका, त्या प्रश्नाला अर्थच नाही. दुसरे म्हणतात, कण एकाच वाटेनं जातो, पण त्याच्याबरोबरची लाट दोन्ही वाटांनी जाते आणि पुढे त्याला दिशा दाखवते. एक वाट अडवली की लाट बदलते. तिसरे म्हणतात, दोन्ही वाटांवर खरोखरच काहीतरी घडतं, आणि जगाच्याच फांद्या फुटतात.

“मग खरं काय?”

“तिघांचं गणित इथे एकच उत्तर देतं. उजवीकडे शून्य म्हणजे शून्य. या प्रयोगावरून निवाडा होत नाही. मला माहीत नाही, बाई.”

त्या इमारतीत ‘मला माहीत नाही’ म्हणणारा माणूस त्यांना वीस वर्षांत पहिल्यांदाच भेटला होता.

यूर्कोविचनं हेच आपल्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात लिहिलं. होफराट स्वतः जिना उतरून खाली आले. मी तिथेच होतो.

“हे काढा. ही तत्त्वज्ञानाची खानावळ नाही.”

“होफराटसाहेब, यातलं गणित चुकलं असेल तर दाखवा.”

“गणित बरोबर आहे. विषय चुकीचा आहे. लाटबिट असलं मानणाऱ्यांना माझ्या संस्थेत जागा नाही.”

“मी मानत नाही. तेही आकड्यांत बसतं, एवढंच लिहिलंय.”

बाई मध्ये म्हणाल्या, “आकडे तर तेच सांगताहेत, साहेब. मीच मोजलेत.”

होफराट हसले. “फ्राउ गेर्लिंडे, आपण मोजा. अर्थ आम्ही लावू.”

त्या दिवशी त्या गप्प बसल्या. एवढंच नाही, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी यूर्कोविचला गाठलं. “काढून टाक रे ते प्रकरण. पदवी घे, मग काय बोंबलायचं ते बोंबल.”

“तुम्हीपण?” तो म्हणाला आणि ताट तसंच ठेवून उठला.

प्रकरण काही त्यानं काढलं नाही. प्रबंध नामंजूर झाला. तो गावी जाऊन शाळेत बेरीज-वजाबाकी शिकवायला लागला. त्यानंतर वर्षभर बाई हळू आवाजातच बोलत होत्या. होफराटांवर राग होताच, पण आरसा पुसता पुसता मध्येच त्या “तुम्हीपण” असं पुटपुटायच्या आणि हातातलं फडकं आपटायच्या.

पुढच्या वसंतात होफराटांची साठी झाली. परदेशचे पाहुणे आले. प्रयोग दाखवायला सगळी वरात तळघरात उतरली. बाईंना इस्त्रीचा पांढरा कोट देऊन यंत्राशेजारी उभं केलं होतं. काम एकच, खूण झाली की पुठ्ठा धरायचा.

खूण झाली, पुठ्ठा धरला, उजवीकडे टिक् टिक् सुरू झालं. होफराट हात पसरून म्हणाले, “सभ्य स्त्रीपुरुषहो, वाट दाखवणाऱ्या लाटेची ती परीकथा याच टेबलावर कायमची गाडली गेली.”

“नाही,” बाई म्हणाल्या. इतक्या हळू की मागच्यांनी माना पुढे काढल्या.

“फ्राउ गेर्लिंडे, कॉफीचं बघा.”

“कॉफी खड्ड्यात गेली. काही गाडलं नाही या टेबलावर. कण एका वाटेनं गेला आणि लाट दोन्ही वाटांनी गेली म्हणा, तरी हेच टिक् येतात. वाट विचारूच नका म्हणा, तरी हेच. जगाला फांद्या फुटल्या म्हणा, तरी हेच. सात महिने मी हे आरसे लावलेत. हे लिहिणाऱ्या पोराला तुम्ही घरी बसवलंत, आणि गणित बरोबर आहे असं तुम्हीच याच जागी म्हणाला होतात.”

तेवढ्यात नॉर्वेतल्या बर्गेनहून आलेल्या हेलस्टाड नावाच्या वृद्ध प्राध्यापिका काठी टेकत पुढे आल्या. “त्यांचं बरोबर आहे, वेसेली. त्या पोराचं नाव काय?”

सोमवारी बाईंची बदली बाटल्या-नळ्यांच्या गोदामात झाली. होफराटांनी आरशांवर नवा पदवीधर आणला. त्याच्या हातून उजवं यंत्र काही मुकं होईना. शेवटी त्यांनी गोदामात निरोप धाडला. बाईंनी माझ्यासमोर निरोप्याला उत्तर दिलं, “सांग त्यांना, अर्थ लावता येतो ना? मग आरसेही लावा म्हणावं.”

यूर्कोविचचा प्रबंध दोन वर्षांनी हेलस्टाडबाईंच्या बर्गेनच्या विद्यापीठात मंजूर झाला, शेवटच्या प्रकरणासकट. त्याची छापील प्रत घेऊन तो गोदामात आला. पहिल्या पानावर बाईंचे आभार होते.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. “माझं नाव चुकीचं छापलंय.”

“माफ करा, बाई. छापखान्यानं—”

“ते राहू दे.” त्यांनी पुस्तक मिटलं. “मी तुला ते प्रकरण काढ म्हणाले होते. त्याचं काय?”

“तुम्ही माझ्या भल्यासाठीच म्हणालात.”

“भल्याबिल्यासाठी नाही रे. घाबरले होते मी. माझीच नोकरी दिसत होती मला.”

बाईंनी एक रिकामं खोकं पायानं त्याच्याकडे सरकवलं. तो बसला. मग त्या स्टोव्हवर कॉफी करायला उठल्या, आणि दूध उतू गेलं म्हणून स्टोव्हलाच मोठमोठ्यानं शिव्या देत राहिल्या.