वरवंटा धरलेला हात

माझे यजमान गेले त्या वर्षी मी देवावर रुसले नव्हते, चिडले होते. गिरणी बंद पडली आणि वर्षभरात धडधाकट माणूस झुरून गेला. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीत गावच्या देवाची, रवळनाथाची तसबीर होती. तिच्यापुढे मी दिवा लावणं सोडलं. आणि पोटासाठी काय करत होते, तर उदबत्त्या वळत होते!

आधी आम्ही वस्तीतल्या बायका एका कंत्राटदाराकडे त्या वळायचो. त्याच्या उग्र वासाच्या रसायनाने बायकांना खोकला लागला, तेव्हा आम्ही सातजणींनी त्याचं काम सोडलं. चंदनाचा भुसा, नागरमोथा, गुग्गुळ पाट्यावर वाटून स्वतःच्या काड्या करू लागलो. एक संस्था त्या आमच्याकडून रास्त भावाने घेऊन परदेशी पाठवायची. कंत्राटदाराला ते खपलं नाही. एका दुपारी त्याची माणसं आली आणि अंगणात वाळत घातलेला सगळा माल तुडवून गेली. मी घरात येऊन तसबिरीवर ओरडले, "तुझ्याचसाठी वळतंय ना मी ह्यो काड्यो? मग खंय आसस तू?"

पुन्हा सगळं वळलं, पुन्हा सुपांत वाळत घातलं. ती माणसं पुन्हा आली. पहिल्याने सुपाला लाथ मारली आणि माझं भान गेलं. पाट्यावरचा वरवंटा उचलून मी त्याच्या पाठीमागे धावले. खोटं कशाला सांगू, त्याचं डोकं फोडायचंच होतं. हात वर गेला आणि मागून कुणीतरी मनगट घट्ट धरलं.

कधी न पाहिलेली एक कोळीण होती. मासळीची पाटी खाली ठेवून उभी. हळूच म्हणाली, "टाक तो. तुझी पोर बघते हाय."

दारात माझी मुलगी उभी होती. तिचा चेहरा पाहून माझी बोटं आपोआप सुटली. कोळीण सरळ जाऊन सुपांच्या मध्ये बसली. त्या माणसांना म्हणाली, "आता तुडवा." मग आम्ही सातहीजणी तिच्याभोवती बसलो. थोडा वेळ शिव्या देऊन ती माणसं निघून गेली, परत फिरकली नाहीत.

ती बाई पुन्हा दिसली नाही. बाजारातल्या कोळणींना विचारलं, कुणाला ठाऊक नव्हती. कोण होती यावर मी वाद घालत नाही. माझा राग अजून आहे, आणि तो खराच होता. पण त्या दिवशी खुनाचं पाप माझ्या हातून टळलं, ते माझ्या शहाणपणाने नाही. म्हणून आता भांडायचं ते रवळनाथाशीच भांडते, दिवा लावून, त्याच्यासमोर बसून. बाकी माझा हात कधी धरायचा, ते त्याच्यावर सोडलंय.