एका घराची एकच पत्रिका

आमच्याकडे लग्नाची पत्रिका माणसाला देत नाहीत, चुलीला देतात. घरात दहा माणसं असोत नाहीतर दोन, पत्रिका एकच. कोपऱ्याला हळदकुंकू, वर चिमूटभर अक्षता, आणि ती घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातात द्यायची. भाऊ वेगळे झाले, की मग त्या घरात दोन पत्रिका जातात. वाटणीचे कागद व्हायला वर्षं लागतात, पण दुसरी पत्रिका आली की भावकीत कुणाला काही सांगावं लागत नाही. एकदा दिलेली अक्षता घेणाऱ्यानं परत पाठवायची नसते. न्यायचीच झाली तर ज्यानं दिली त्यानं येऊन न्यायची, आणि तसा प्रसंग मी तोवर पाहिला नव्हता.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं त्या वर्षी पावसानं दगा दिला. ऑगस्ट कोरडा गेला, सोयाबीन उभ्या उभ्या वाळलं आणि उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माशा मारायची वेळ आली. त्याआधी उन्हाळाभर दिल्लीच्या कोर्टात केस चालली होती, दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना कायद्यानं लग्न करता यावं की नाही याची. निकाल यायचा होता. मोंढ्यात माल नव्हता, त्यामुळे मतं मांडायला लोकांना वेळच वेळ होता.

माझे मोठे दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, आमच्या एकत्र घराचे कर्ते. अडत दुकान त्यांच्याच नावावर. शिवाय उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून तहसीलसमोर जे धरणं चालायचं, त्याचे पुढारी. माणूस वाईट नाही. मी आजारी पडले तेव्हा मला नांदेडच्या दवाखान्यात घेऊन जाणारे आणि उशाशी बसून मोसंबी सोलणारे तेच. पण त्यांचं मत एकदा झालं की झालं. जेवताना टीव्हीकडे बघत म्हणायचे, "ही मोठ्या शहरातली थेरं हायत. आपल्याकडं असलं काई न्हाई." माझा नवरा ताटात बघायचा. मी दादांना आणखी एक भाकरी वाढायचे, म्हणजे तोंड तरी भरलेलं राहील.

कारण आपल्याकडं होतं. कंधारला माझी आत्या होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कंधारच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. त्याच शाळेत मराठीच्या एक बाई होत्या, मूळच्या परभणीकडच्या ब्राह्मणाघरच्या. दोघी तरुणपणी सोय म्हणून एका भाड्याच्या खोलीत राहायला लागल्या. पुढे आत्यानं तिथंच जागा घेऊन घर बांधलं, दोघी निवृत्त झाल्या, दोघींचे गुडघे दुखायला लागले, आणि ती सोय काही संपली नाही. आम्ही लिंगायत; सकाळी आत्या हातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसते तेव्हा बाई पलीकडे आपले देव पुसत असतात. आमच्याकडे कुणीही कधी काही विचारलं नाही. लग्नात दोघींचा मिळून एक आहेर यायचा, माइकवाला "कंधारच्या घरचा आहेर" असं पुकारायचा, दोघी बरोबरीनं उठून यायच्या. एक कुंकू लावायची, दुसरी कपडे हातात द्यायची. नवरा-बायको जोडीनं आहेर करतात तसाच. हे सगळ्यांना दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच बोलायची गरज पडत नव्हती.

ऑक्टोबरात निकाल लागला. कायदा करणं हे संसदेचं काम आहे असं म्हणून कोर्टानं लग्नाला मान्यता दिली नाही. दादांनी धरण्याच्या मंडपात अभिनंदनाचा ठराव मांडला. जिल्ह्याच्या मागणीला हल्ली सतरंजी रिकामी राहायची, त्या दिवशी मात्र उभं राहायला जागा नव्हती. एक तरुण वकील उठून म्हणाला, "ज्यांना करायचं न्हाई त्यांना कोण जबरदस्ती करून राहिलंय? ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी कायदा मागतेत." त्याला हसून खाली बसवलं. मग मागून कुणीतरी दादांना म्हणालं, "पण तुमच्या सोयऱ्यात कंधारला त्या दोघी हायत की."

दादा घरी आले. चहा झाल्यावर मला म्हणाले, "ह्या टायमाला कंधारला दोन पत्रिका जातील. आत्याबाईला एक, त्या बाईला एक. दोन आहेर, वेगळे वेगळे."

मी म्हणाले, "दादा, घर एक आहे."

"तेच तर लोक बोलून राहिले. मी त्यांना येऊ नका म्हणतोय का? दोघींनाबी मानानं बोलावतोय."

"तुम्हाला सगळीकडं विभाजनच सुचतं," मी म्हणाले. नवरा ठसकला. दादांना राग आला की ते शांत होतात. त्यांनी कप अलगद बशीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी एकच पत्रिका पर्समध्ये घातली आणि मुखेडमार्गे कंधारची एसटी धरली. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टँकर उभे, मागे घागरींच्या रांगा. मनात ठरवलं होतं, आधी माझी पत्रिका हातात पडली की विषय संपला.

आत्यानं दार उघडलं, जवळ घेतलं, पाणी दिलं. बाई आतून लाडवांचा डबा घेऊन आल्या. मी पत्रिका काढायला पर्स उघडली आणि समोर टेबलावर पाहिलं. आमचीच पत्रिका तिथं आधीपासून होती. कोपऱ्याला हळदकुंकू, वर अक्षता. पाकिटावर फक्त बाईंचं नाव. आत्याची मी नेणारच हे धरून दादांनी मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याबरोबर सकाळच्या जीपनं पाठवून दिली होती.

बाईंनी माझ्या हातातली दुसरी पत्रिका पाहिली. त्या आवाज न चढवता बोलणाऱ्या. आत्याकडे वळून म्हणाल्या, "आपली वाटणी कधी झाली गं? मला सांगितलं नाहीस."

आत्या हसली नाही. पदरानं चष्मा पुसत राहिली. मला इतकी लाज वाटली, दादांची, मोंढ्याची, सगळ्या उदगीरची, की हातातली पत्रिका कुठं ठेवावी कळेना.

"मी ती परत नेते," मी म्हणाले.

"तुला नेता येत नाही," आत्या म्हणाली. "तू दिलेली नाहीस. हे बघ माय, मी तुझ्यावर रागावले नाही. पण ही पत्रिका या घरात आहे तोवर आम्ही दोन घरं आहोत. दोन घरं म्हणून मी मांडवात येणार नाही. ही कोण लागते ते मी आयुष्यात कुणाला सांगत बसले नाही, पण ही कुणी लागत नाही असंही कधी म्हटलं नाही. आता म्हातारपणी माइकवरून म्हणू?"

बाई म्हणाल्या, "तू जा की. मी राहते. नळाला पाणी कधी येईल नेम नाही, कुणीतरी घरी हवंच."

"पाण्याचं नाव नको सांगू," आत्या म्हणाली.

माझे आईवडील गेलेत, भाऊ नाही. माहेर म्हणजे कंधारचं ते घर. मुलीच्या लग्नात आईला माहेरचा आहेर चढतो, ती साडी नेसूनच आई मांडवात उभी राहते. निघताना माझी पत्रिका आत्याच्या हातात ठेवली, आणि येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. उदगीर जवळ आलं तेव्हा रडू संपलं होतं आणि चांगलाच राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळचं आवरलं आणि मी तहसीलसमोरच्या मंडपात जाऊन बसले. दादांच्या समोर, पहिल्या रांगेत. आधी त्यांना वाटलं घरून निरोप आलाय. मग वाटलं मी जिल्ह्यासाठी बसलेय, आणि ते थोडे खूशही झाले. बायका धरण्याला कमीच यायच्या.

एका कार्यकर्त्यानं विचारलं, "काकू, तुमची मागणी?"

"माझी मागणी जिल्ह्याची नाही," मी म्हणाले. "कंधारला एक पत्रिका जास्तीची गेलीय. ज्यांनी पाठवली त्यांनी जाऊन आणावी. तोवर मी इथून उठत नाही. मुलीच्या लग्नाला मला माहेरच्या साडीत उभं राहायचंय."

माणसं दादांकडे बघायला लागली. दादा खाली वाकून मला म्हणाले, "घरी बोलू."

"घरी बोललो की आपण. इथं ठराव झाला, म्हणून इथंच बसले."

"लोक काय म्हणतील?"

"परवा म्हटले ना. आज आणखी म्हणतील."

जेवणवेळ टळून गेली. मंडपात ऊन शिरलं. मग माझा नवरा दुकानातून चालत आला. या माणसानं थोरल्या भावापुढे कधी मान वर केली नव्हती, लग्नात मला कुठल्या रंगाची साडी घ्यायची तेही भावाला विचारून घेतलं होतं. तो चपला काढून सतरंजीवर आला आणि माझ्या शेजारी बसला. दादांकडे बघितलंही नाही. मला त्याचा एवढा अभिमान आजवर कधीच वाटला नव्हता, आणि तो दादांनाही माझ्या तोंडावर दिसला असणार.

दादांनी गाडीची किल्ली मागवली.

कंधारला काय झालं ते बाईंनी नंतर सांगितलं. दादा आले, पावसाचं बोलले, टँकरचं बोलले, जिल्हा झाला असता तर पाण्याची योजना आली असती हे बोलले. चहा घेतला, पुन्हा एकदा चहा घेतला. उठताना टेबलावरची बाईंच्या नावाची पत्रिका अक्षतांसकट उचलून खिशात घातली आणि म्हणाले, "माझं मत बदललेलं न्हाई." आत्या म्हणाली, "मत राहू द्या. लग्नाला दोघी येतो."

त्यांचं मत खरंच बदललं नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मंडपात तसाच आणखी एक ठराव मांडला, यावेळी सतरंजी बरीच रिकामी होती. पण लग्नात माइक त्यांच्याच हातात होता, आणि त्यांनी खाकरून "कंधारच्या घरचा आहेर" असं पुकारलं. आम्ही दोघं पाटावर बसलो होतो. आत्यानं कुंकू लावलं, बाईंनी साडी माझ्या हातात ठेवली. मी तीच नेसले.

मुलगी सासरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आत्याला आणि बाईंना सोडायला गाडीनं कंधारला निघालो. मला हलकं वाटत होतं, जिंकल्यासारखं. मीच न राहवून विचारलं, "आत्या, कायदा झाला असता तर केलं असतं का तुम्ही लग्न?"

"या गुडघ्यांनी?" आत्या म्हणाली. मग बाहेर बघत म्हणाली, "मला फक्त एवढं वाटतं, मी गेले की लोक भेटायला येतील ना, ते कुणाकडे येतील? उदगीरला तुमच्याकडे जातील, तुम्हाला धीर देतील. ही कंधारला एकटी बसलेली असेल. घरचं माणूस माझं गेलंय हे हिला कुणापुढे म्हणता येणार नाही."

मी लगेच म्हणाले, "आम्ही सगळ्यांना कंधारलाच आणू. मी स्वतः बाईंजवळ येऊन बसेन." आत्यानं माझा हात धरला.

तेव्हा पलीकडून बाई म्हणाल्या, "आणि मी आधी गेले तर?"

इतक्या वर्षांत मी जे काही भांडले ते आत्याच्या बाजूनं. बाई गेल्या तर आत्याला भेटायला कोण जाईल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. आमच्या सगळ्या गोतात ते मरण कुणाचंच नव्हतं.

"तेव्हाही येऊ बाई," समोर बघत गाडी चालवणारा माझा नवरा म्हणाला. "सगळे येऊ."

"मग तुमच्या दादाला आत्ताच सांगून ठेवा," बाई म्हणाल्या. "त्यांना वेळ लागतो."