सासूबाईंचा कायदा

लग्न होऊन मी माल्याला आले त्याच वर्षी सासऱ्यांनी एका साखरपुड्यात हातभट्टीची इतकी ढोसली, की बेशुद्ध होऊन पौडच्या सरकारी दवाखान्यात पडले. वाचले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा प्याले तर हाती लागायचे नाहीत.

माझा भाऊ पुण्यात वकिली शिकत होता. सासूबाईंनी त्याला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "ह्यास्नी जबरदस्तीनं इलाजाला ठिवायचा कायदा हाय का न्हाई?"

"वेड्या माणसासाठी मॅजिस्ट्रेट हुकूम देतात. पण मामा वेडे नाहीत. प्याले म्हणून पोलीस आत टाकतील, तेवढंच."

"म्हंजी तुरुंग हाय, दवा न्हाई?"

भावानं बशीत तोंड घातलं.

"मग आजपास्नं म्याजिस्ट्रेट मी!" असं म्हणून सासूबाईंनी सासऱ्यांच्या झाडून साऱ्या टोप्या ट्रंकेत कोंबल्या आणि कुलूप लावलं.

आमच्याकडे घरातलं कुणी वारलं तरच पुरुष उघड्या डोक्यानं बाहेर पडायचा. त्यात सासरे मोठे ऐटबाज, त्यांचं टोपीवाचून पाऊल उचलत नसे. बसले घरात. हात थरथरायचे, घाम फुटायचा, शिव्यांना तर खंड नव्हता. डॉक्टर येऊन सुई टोचून जायचे. एकदा सासरे हळूच मला म्हणाले, "सूनबाई, येक टोपी दे की." माझ्या डोक्यावर हा एवढा पदर आणि त्यांचं डोकं उघडं! मला रडूच आलं. किल्ली माझ्याकडे नव्हती हेच बरं.

एका दुपारी ते तसेच निघाले. सासूबाई चुलीपुढून हलल्या नाहीत. भाकरी मात्र करपली.

थोड्या वेळानं परत आले ते कोरडेच.

"आगं, वाटंत जो तो इचारतोय, कोन गेलं? गुत्तेवाल्यानं तर भराया घेतल्याला गिलास खाली ठिवला."

"मंग काय सांगितलंत?"

"म्हनलं, आजून कुनी न्हाई."

सासूबाई ढसाढसा रडल्या. मग उठून ट्रंक उघडली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. तेव्हापासून बाहेरून आले की सासरे टोपी खुंटीला न लावता त्यांच्या हातात द्यायचे. दारूला पुन्हा शिवले नाहीत.

सासूबाईच आधी गेल्या. सासरे उघड्या डोक्यानं ओट्यावर बसले होते. लोक जमू लागले, तेव्हा कुणी काही विचारायच्या आतच म्हणाले, "आमचा म्याजिस्ट्रेट गेला."