आम्ही की आपण

आमच्या ह्यांची एक चूक मी चाळीस वर्षं दुरुस्त करत आले. घरात मराठी, पण शाळा, खेळ, मित्र सगळं कन्नड. कन्नडात 'आम्ही'ला आणि 'आपण'ला एकच शब्द, 'नावु', तो ह्यांच्या डोक्यात पक्का बसलेला. सुभाष रोडवर भाजीला निघाले की म्हणणार, "चल, आम्ही जाऊया की." मी म्हणणार, "तुम्ही आणि कोण? मी इथंच थांबू?" पालथ्या घड्यावर पाणी.

आम्ही दोघंही धारवाडचे निवृत्त गणित शिक्षक. मुलाकडे कॅनडाला गेलो, घरात बसून कंटाळलो आणि एका संस्थेमार्फत तिथल्या आदिवासींच्या गावशाळेत बिनपगारी शिकवायला लागलो. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ह्यांनी त्या लोकांच्या भाषेत पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "चला, जेवूया." वर्ग हसून लोळला. ती भाषा शिकवणाऱ्या आजी डोळे पुसत म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणालात, आम्ही दोघं जेवतो, तुम्ही बसा बघत." त्यांच्यातही आम्ही वेगळं, आपण वेगळं! सातासमुद्रापार जाऊन ह्यांनी तीच चूक केली होती. आजींची आणि माझी त्या दिवसापासून गट्टी जमली.

आजींना रोज दुपारचा एक तास मिळे. लहानपणी हीच भाषा बोलल्याबद्दल त्यांनी शाळेत मार खाल्ला होता, आणि आता ती नीट बोलणारी माणसं गावात मोजकीच उरली होती. नेमका तोच तास संस्थेच्या साहेबाच्या डोळ्यांत खुपला. मुलं गणितात मागे पडली होती, म्हणून हा तास गणिताला द्यावा असं पत्र तो टाइप करूनच घेऊन आला. खाली आमच्या दोघांच्या सह्या हव्या होत्या. गणिताच्या शिक्षकांनीच मागितलं म्हटल्यावर गाव काय बोलणार?

"वी ऑल," असं म्हणत तो मुलांच्या भल्याचं सांगू लागला. आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होत्या.

माझं डोकं फिरलं. मी जन्मभर कन्नडात गणित शिकवलं, अडलं तिथं मराठीत समजावलं, आणि दोन भाषा आल्या म्हणून कुणाचं पोर गणितात नापास झालं नाही. "गणित कच्चं राहिलं तर दोष माझ्या शिकवण्याचा," मी म्हटलं. "सकाळी शाळेआधी शिकवीन, पण आजींचा तास घेणार नाही. आणि तुमच्या 'वी'मध्ये कोण? ह्या आजींना धरून की सोडून?"

त्याला मिरच्या झोंबल्या. त्यानं पेन ह्यांच्यापुढं सरकवलं. ह्यांनी चष्मा लावून पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. मग आजींच्या भाषेत सावकाश म्हणाले, "आम्ही सही करणार नाही." शब्द अचूक होता. त्यात आजी होत्या, मी होते आणि साहेब नव्हता. आजी एवढ्या मोठ्यानं हसल्या की साहेबाला अर्थ विचारावा लागला.

सह्या नाहीत म्हटल्यावर गावाच्या पंचांनी तास काढू दिला नाही. संस्थेनं मात्र महिन्याभरात आम्हाला दिलेली खोली रिकामी करून घेतली. धारवाडात ओळखीचे अजून विचारतात, "काढून टाकलं म्हणे?"

"हो, टाकलं," मी ताठ मानेनं सांगते. "तास चालू आहे."

परवा पिशवी घेऊन हे दारात उभे. "चल, आम्ही जाऊया की."

म्हटलं, जिथं बरोबर बोलायचं होतं तिथं बोललात. आता खुशाल चुका.