स्कूटरचे अकरा किलोमीटर

अंबाझरीला आठ किलोमीटर धावून झाल्यावर मी मनगटावरचं अंतर मोजणारं घड्याळ बंद करायला विसरलो, तसाच स्कूटरवर हुडकेश्वरला घरी आलो आणि एकोणीसचा आकडा, घड्याळातल्या वेगाच्या आलेखासकट, धावणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकून दिला. अभिनंदनं येऊ लागल्यावर चूक लक्षात आली. पण तोवर ती मला आवडू लागली होती. एका नवख्या ताईंनी रहस्य विचारलं. मी लिहिलं, ‘शेवटी सगळा जोर लावायचा.’

‘उद्याच करून पाहते,’ त्या म्हणाल्या.

ग्रुपवर एक गृहस्थ होते. त्यांना मी कधी पाहिलं नाही; फोटोच्या जागी भिंतीवर उलटे वाळत घातलेले बूट. स्वतःचा आकडा त्यांनी कधीच टाकला नाही. कुणी सल्ला मागितला की आधी त्यांचेच दोन प्रश्न यायचे: काल झोप किती झाली, आणि दुखतं नेमकं कुठे? उत्तर मिळेपर्यंत सल्ला नाही.

त्यांनी मला एकट्याला लिहिलं, ‘भाऊ, वेगाचा आलेख पाहिला. शेवटचे अकरा गाडीवर झाले ना? ग्रुपवर मी काही बोलत नाही. पण ताईचा गुडघा जाईल. तुम्हीच सांगून द्या.’

माझी अब्रू झाकून त्यांनी ताईंचा गुडघा माझ्या हवाली केला होता. तासभर मी फोन पालथा ठेवला, मग ग्रुपवर सगळं कबूल केलं. ‘वाचले!’ ताईंनी लिहिलं. तेवढ्याने मला धीर आला आणि मी खाली जोडलं, ‘तरी माझं तत्त्व तसं बरोबरच आहे.’

तेव्हा ते गृहस्थ पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मला बोलले: ‘भाऊ, तुमच्यापेक्षा तुमची स्कूटर बरी. धावते बी, अन् कोणाले सल्ला बी नाही देत.’