चिठ्ठीत निघालं तुर्भे

१९९४ साली करावे गावापासून वाशीपर्यंत कुजबुज होती ती अशी: कॉलेजातला शिपाई रोहिदास तुर्भे नाक्यावर एका पोरीची पर्स मारताना पब्लिकच्या हाती लागला, पब्लिकनं त्याला फोडला, आणि मानसशास्त्राच्या जयमाला मॅडम मध्ये पडल्या म्हणून तो जिवंत सुटला. एवढं झालं की सांगणारा जरा थांबायचा. मॅडम बिनलग्नाच्या, वय त्रेचाळीस. रोहिदास खाडीवर वाढलेला, खांदे असे की शर्टाची शिवण उसवावी. मग सांगणारा डोळा बारीक करून म्हणायचा, "उगाच कोण कुणासाठी मध्ये पडतं?" खोटं कशाला बोला, ही गोष्ट मीही चार घरी सांगितली आहे आणि चारही घरी चहा प्यायलो आहे.

रोहिदास कराव्याचा. बाप खाडीत जाळी लावायचा. शहर आलं तशी मासळी मागे सरली, आणि पोरगा कॉलेजात शिपाई म्हणून चिकटला. त्याला दिली मानसशास्त्राची प्रयोगशाळा. तिथे ना बाटल्या ना बेडूक. चार टेबलं, दोन स्टॉपवॉच आणि प्रश्नावल्यांचे गठ्ठे. पुसून पुसून माणूस काय पुसणार? मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "रोहिदास, तुला पडता येतं का?"

"पडाला काय शिकाला लागतं, मॅडम?"

लागतं. ते त्यांनी त्याला शिकवलं. मॅडमचा विषय एकच: माणूस एकटा असताना जसा वागतो तसा गर्दीत का वागत नाही? हे विचारून कळत नाही. विचारलं की जो तो स्वतःला साधू म्हणवतो. म्हणून प्रसंग घडवायचा, लोकांना सुगावा लागू द्यायचा नाही, आणि बाजूला उभं राहून नोंद करायची. रोहिदास स्टेशनबाहेर चक्कर येऊन पडे, बँकेसमोर केळी सांडे, आणि मॅडम वहीत लिहीत: बघे अकरा, मदतीला एक. बघे तीन, मदतीला दोन. दोन-चार वर्षांत तो मॅडमच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागला. "मानसा जास्ती, तेवढी मदत कमी. परतेकाला वाटतं, दुसरा जाईल." हे पुस्तकात दोन पानं आहे, त्याच्या तोंडी दीड ओळ.

नियम दोन. पहिला: मॅडमची शिट्टी वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. शिट्टी वाजली की प्रयोग संपला, मग जमलेल्यांना खरं सांगायचं आणि माफी मागायची. हा नियम रोहिदासनं एकदाच मोडला होता. पडल्या पडल्या एका उत्साही डॉक्टरनं त्याच्या दंडात सुई घातली, दुसरी भरायला घेतली, तेव्हा हा उठून म्हणाला, "सायेब, मी बरा हाय, नाटक हाय." मॅडम आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. "सगळी नोंद फुकट गेली, रोहिदास." त्या दिवसापासून सुया घाला, नाही तर करवत घाला, हा ब्र काढायचा नाही. घरी बायकोलासुद्धा त्यानं हे काम कधी सांगितलं नाही. कमळी समजायची, नवरा टेबलं पुसतो.

दुसरा नियम चिठ्ठ्यांचा. प्रयोग कुठे आणि कधी करायचा ते आपण ठरवायचं नाही. ठिकाणांच्या चिठ्ठ्या डब्यात, तारखांच्या दुसऱ्या डब्यात. हात घालायचा, निघेल ते खरं. आपण निवडलं की आपल्याला हवं तेच दिसतं, असं मॅडमचं म्हणणं. म्हणणं बरोबरच होतं.

त्या वर्षी नवा प्रयोग निघाला चोरीचा. क्षिप्रा नावाची एमएची मुलगी पर्स घेऊन चालणार, रोहिदास ती खेचून पळणार, किती जण अडवतात ते मॅडम मोजणार. वाशीत झाला. सकाळी अकरा वाजता, तीन गॅलऱ्यांमध्ये सात माणसं. कुणी जागचं हललं नाही. एक आजी वरून म्हणाल्या, "अगं, पर्स कशी काखेत धरावी." बस. मॅडम खूश.

मग डब्यात हात घातला. ठिकाण तुर्भे नाका, तारीख सात.

"मॅडम, सात नको," रोहिदास म्हणाला. "कंपन्यांचा पगार असतो सातला. गेल्या दोन म्हयन्यांत तिथं चार जनांचे खिसे कापलेत. एकाला सुरा घातला. लोक पिसाललेत."

"चिठ्ठी निघाली ती निघाली. आता बदललं तर तो प्रयोग राहत नाही."

"तुमी सांगाल तसा. पन एक परत काढून बगा."

"भीती वाटते का?"

आता बाईनं असं विचारल्यावर गडी सातला जाणारच. क्षिप्रा आमच्याच बिल्डिंगमधली. हे सगळं तिनं मला सांगितलं, ती तिथेच उभी होती.

सात तारखेला दुपारी चारला पाळी सुटली. नाक्यावर ट्रक लागलेले, पगाराची पाकिटं खिशात, आणि पगाराच्या दिवशी मासळी खपते म्हणून कडेला कोळणी बसलेल्या. रोहिदासनं पर्स खेचली आणि धावला. वीस पावलं गेला असेल. मानसिंग नावाच्या ड्रायव्हरनं पायात पाय घातला आणि हा तोंडावर आपटला. दोन दात तिथेच गेले.

वाशीत सात जणांना पाय नव्हते. इथे दोनशे जणांना हात फुटले. पहिली टॉमी मानसिंगची, चाकाचे नट खोलायची लोखंडी. ती डाव्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज क्षिप्रानं ऐकला. मग क्लीनरनं पट्टा काढला. बकलानं भुवई फाडली. डबा हातात असलेला एक सभ्य माणूस डबा शेजाऱ्याकडे देऊन आला, दोन लाथा बरगडीत घातल्या, डबा परत घेतला. एक म्हातारा रांगेत थांबावं तसा थांबला आणि जागा झाल्यावर टाच पोटात मारली. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, आणि कुणाला घाईही नव्हती.

क्षिप्रा ओरडत होती, "सोडा, तो आमचा माणूस आहे, हा प्रयोग आहे." लोकांनी तिला प्रेमानं बाजूला बसवलं. "ताई घाबरल्यात. अरे, इनको पानी पिलाओ." प्रिन्सिपॉलचं पत्र होतं तिच्याकडे, सही-शिक्क्याचं, सगळं खरं सांगणारं. ते ठेवलं होतं पर्समध्ये. पर्स लोकांच्या पायाखाली.

रोहिदासनं एक शब्द उच्चारला असता तर? कदाचित कुणी ऐकलं नसतं. पण त्यानं उच्चारला नाही. गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावर उजवा हात धरून तो शिट्टीची वाट बघत पडला होता. शेवटी रक्ताच्या गुळणीतून म्हणाला, "मॅडम, शिट्टी."

"किसको बुला रहा है बे?" मानसिंगनं विचारलं, आणि गर्दीकडे वळला. "इसका पार्टनर भी इधरीच है."

दोनशे माना वळल्या. शिट्टी काही ऐकू आली नाही. टॉमी पुन्हा वर गेली.

कोळणींच्या रांगेत कमळी होती. गेल्याच महिन्यात तिचा बटवा कुणीतरी कापला होता. चोर धरला म्हटल्यावर ती बसल्या जागेवरून ओरडली होती, "हात तोडा मेल्याचे. सोडू नका." मग पाटीपाशी कुणाच्या तरी लाथेनं एक चप्पल येऊन पडली. अंगठा तिनंच बुधवारी दोऱ्यानं शिवला होता.

ती उठली ती मासे कापायचा कोयता घेऊनच. वाटेत कोण आलं ते तिनं बघितलं नाही. टॉमी खाली येत होती, तिनं कोयता आडवा मारला. मानसिंगची दोन बोटं कातड्यावर लोंबली. टॉमी पडली. कमळी नवऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी राहिली.

"माजा मानूस हाय. आता या कोन येतं ते. एकेकानं या."

एकेकानं यायला कुणी तयार नव्हतं. दोन मिनिटांत नाका रिकामा झाला, माणसं बसला लटकली. मानसिंग बोटं रुमालात धरून ट्रकला टेकून बसला होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

रोहिदास वाचला. तीन बरगड्या, खांदा, डावा डोळा. मॅडम चौथ्या दिवशी हॉस्पिटलात आल्या, सफरचंदं घेऊन. प्रबंध जायचा होता, प्रयोग उरले होते, गवगवा झाला तर लोक सावध होतील. "दोन महिने कुणाला काही सांगू नकोस, रोहिदास." तो हो म्हणाला. पोलिसांनाही त्यानं सांगितलं, गैरसमज झाला. मानसिंगनं टॉमीचं विसरायचं, कमळीनं कोयत्याचं, असं चौकीत मिटलं. मॅडमनी प्राचार्यांना कळवलं की आपण शिट्टी वाजवली, पण ट्रक मागे घेणारे क्लीनरही तिथे शिट्ट्याच मारतात, त्यात ती विरली.

पुढच्या आठवड्यात क्षिप्राला प्रश्नावली घेऊन नाक्यावर पाठवलं. एकतीस जणांनी उत्तरं दिली. आपण मारलं का? हो. किती? एकतीसही जणांनी सांगितलं, "मी एकच दिली." डबा शेजाऱ्याकडे देऊन आलेल्या सभ्य माणसानं दोनदा सांगितलं. ती घरी आली आणि तो कागद घेऊन जिन्यातच बसून राहिली. मॅडमच्या लेखात तो तक्ता छान छापून आला. रोहिदासचं नाव त्यात 'सहकारी क्र. १'.

दोन महिन्यांचं वर्ष झालं. तोवर गावानं चोर ठरवून टाकला होता, आणि उशिरा सांगितलेलं खरं कोण घेणार? त्यानं नोकरी सोडली. आता कराव्यात अंगणात बसून तो पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरतो आणि उजव्या हातानं शिवतो. डावा वर जात नाही. कमळी शेजारी मासे साफ करते. ती त्याला एकदाच म्हणाली, "मी पन बोललू व्हतू, हात तोडा." तो म्हणाला, "सगलेच बोलत व्हते."

तर खरं ते असं. पर्स रोहिदासनं खेचली. मॅडमच्या सांगण्यावरून खेचली. त्याला सोडवला कमळीनं. मॅडम पानाच्या टपरीपाशी बारा पावलांवर होत्या, शिट्टी गळ्यात होती. 'पार्टनर' हा शब्द ऐकल्यावर त्यांनी ती पदराखाली घेतली, वही पिशवीत टाकली आणि रिक्षा करून वाशीला गेल्या.