दुसऱ्यांदा एंटर

आमच्या नानांसमोर कुणी एंटरची कळ दोनदा दाबली की संपलंच. हातावर लाकडी पट्टीचा फटका! मग तो विद्यार्थी असो, प्राध्यापक असो, नाहीतर परगावहून आलेले पाहुणे. एकदा खुद्द कुलगुरूंचं बोट दुसऱ्यांदा कळीकडे वळलं. नानांनी पट्टी उचलली, समोर कोण आहे ते पाहिलं आणि हाताऐवजी टेबलावर आपटली. "एकदा सांगितलंय ना मशीनला? येतंय. धीर धरा जरा." बिचाऱ्या कुलगुरूंनी हात मांडीवर घेतले.

नाना म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या संगणक केंद्राचे प्रमुख. मी तिथे नुकतीच अधिव्याख्याता म्हणून लागले होते. इंटरनेट तेव्हा आमच्या भागात नवीन होतं आणि सगळ्या विद्यापीठाला मिळून एकच बारकी लाइन होती. इंटरनेटवरचं एखादं पान मागवून माणूस चहा पिऊन यायचा, तरी ते अर्धंच उतरलेलं असायचं. अशात कुणी घायकुतीला येऊन पुन्हा कळ दाबली की तीच मागणी परत रांगेला लागायची आणि सगळ्यांचंच काम रखडायचं. म्हणून ती पट्टी.

या धीराची शिकवणी नाना दर हिवाळ्यात चौलला, आपल्या वाडीत द्यायचे. आम्हा सगळ्यांना पोपटीचं आवतण असायचं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा-मीठ असं ठासून भरायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पोटात कावळे ओरडत असायचे, पण नाना कुणाला जवळ फिरकू देत नसत. "सारखं उघडून बघाल तर शेंगा कच्च्या राहतील. सर्व्हरचं पण असंच आहे, ध्यानात ठेवा!" खाताना तरी सर्व्हर नको, असं आम्ही म्हणायचो. त्यावर ते आणखी दहा मिनिटं सर्व्हरवरच बोलायचे.

त्यांचा दुसरा दुष्मन म्हणजे चित्रं. त्यांच्या केंद्रात काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दाखवणारा ब्राउझर चालायचा. चित्रं दाखवणारा नवा ब्राउझर आला, पोरं नाचायला लागली, पण नानांनी तो एकाच मशीनवर बसवला आणि तिथेही चित्रं बंद करून ठेवली. "चित्रं बघायची तर भिंतीवर कॅलेंडर आहे. ही सगळी चार दिवसांची हौस. लोक कंटाळतील बघ आणि मुकाट अक्षरांकडे येतील." काय बोलणार! इतका हुशार माणूस, पण भविष्य सांगायला बसला की हमखास तोंडावर पडायचा. खाऱ्या वाऱ्याने यंत्रांचे स्क्रू गंजतात म्हणून त्यांना हे गृहस्थ खोबरेल तेल लावायचे. आमच्या सर्व्हरच्या खोलीला कायम न्हाव्याच्या दुकानासारखा वास यायचा.

सकाळी आल्यावर मात्र नाना कुणाशी बोलत नसत. चपला बाहेर काढायच्या, मशीनसमोर बसायचं, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि एंटर. अर्थात एकदाच. दोन-चार ओळी उमटल्या की त्या वाचायच्या, "हूं" म्हणायचं आणि मगच चहा. मी भोचक. एक दिवस मागे जाऊन उभीच राहिले. "काय बघता हो रोज?"

"मुलगा," नाना म्हणाले.

तेव्हा फिंगर नावाची एक सोय होती. दूरच्या सर्व्हरला एखाद्या माणसाचं खातं विचारलं की तो माणूस शेवटचा मशीनवर कधी बसला होता, ते उत्तर यायचं. आजच्या मोबाइलवरचं 'लास्ट सीन' म्हणा ना. नानांचा एकुलता एक मुलगा परदेशातल्या एका विद्यापीठात शिकायला गेला होता. शिक्षण संपलं की परत यायचं, असं बाप-लेकाचं ठरलेलं. शिक्षण संपल्यावर त्याचा फोन आला, मी इथेच संशोधन करणार. नाना तडकले. "मग बाप मेला असं समज," म्हणाले आणि फोन ठेवला. नानांच्या पत्नी, आमच्या काकू, त्याआधीच गेलेल्या, त्यामुळे मध्ये पडायला घरात कुणी उरलं नव्हतं. त्यानंतर दोघांत अक्षराची देवाणघेवाण नाही. नानांना लेकाचं कळायचं ते एवढंच, काल रात्री बसला होता. म्हणजे बरा आहे.

"अहो, मग एखादा ईमेल टाका की!"

"टाकला होता. भांडणानंतर महिन्याभराने. उत्तर नाही आलं."

"हरवला असेल. हल्ली हरवतात. परत टाका."

"एकदा पाठवलंय मी. यायचं तेव्हा येईल," नाना म्हणाले आणि उठून गेले. मला असा संताप आला! म्हटलं, वालाच्या शेंगा वेगळ्या आणि पोटचं पोर वेगळं, एवढं यांना कुणी सांगायचं?

पुढच्या हिवाळ्यात नानांना मलेरियाने गाठलं. आठवडाभर त्यांची खुर्ची रिकामी होती. परत आले ते गालफडं बसलेली, आवाज खोल गेलेला. नेहमीप्रमाणे मशीनसमोर बसले, ओळ टाइप केली, एंटर मारलं. उत्तर आलं, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'.

नानांनी चष्मा पुसला आणि पुन्हा एंटर मारलं. पुन्हा तेच. मग पुन्हा, मग पुन्हा. कळीचा खटखट आवाज खोलीभर ऐकू येऊ लागला. पोरांनी माना वर केल्या. पट्टी तिथेच टेबलावर पडलेली होती, पण हसण्याची कुणाची छाती झाली नाही.

मी जवळ गेले. त्या विद्यापीठाची सूचना मी वाचली होती. बाहेरच्यांना आपल्या माणसांची माहिती मिळू नये म्हणून त्यांनी ही सोय बंद केली होती. तसं मी सांगितलं. एरवी ऑफिसात शहरी मराठी बोलणारे नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "आता दिसाचा न्हाय गो तो मला."

मी ईमेलचा पडदा उघडला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. "नाना, मारा दुसऱ्यांदा एंटर. मी सांगते."

नानांनी कीबोर्ड जवळ ओढला. मग इंग्रजी अक्षरांत, अडखळत, मराठीत लिहिलं : 'बरा आहेस ना? तुमच्याकडची फिंगर बंद झाली. आता इथून दिसत नाहीस.' खाली लिहिलं, बाबा. आणि कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर येऊन पडलं होतं. नानांना चष्म्यातून काही दिसेना, म्हणून मीच वाचून दाखवलं. 'बाबा, आधीचं काहीच मिळालं नाही. मला वाटलं, तुम्ही मला टाकलंत. मी रोज तुमच्या सर्व्हरवर फिंगर करतो. मागचा आठवडाभर तुम्ही बसला नाहीत. आजारी होतात का? माझा डोळ्याला डोळा लागला नाही.'

नाना बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत. "गाढव आहे लेकाचा! एवढा रोज बघत होता, तर एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"आणि तुम्हाला काय झालं होतं?" मी विचारलं.

नाना हसले, इतके की पोरंही हसायला लागली. सगळ्यांना चहा सांगितला, पैसे स्वतः दिले. पट्टी त्या दिवशी खणात गेली ती गेलीच.

मुलगा त्या वर्षी आला. कायमचा नाही, महिनाभर. चौलच्या वाडीत पोपटी लागली आणि आम्ही शहाण्यासारखे लांब बसलो. तेवढ्यात नानाच उठले. "पोराला भूक लागलीय," असं म्हणत त्यांनी वेळेआधीच मडकं काढलं. शेंगा कच्च्या राहिल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी त्या कराकरा चावून खाल्ल्या आणि नाना लेकाच्या पानात पुन्हा पुन्हा वाढत राहिले.

नानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी मुलगा उशाशी होता. ते काळे पडदे, ती खोबरेलाच्या वासाची खोली, काही उरलेलं नाही. चित्रं मात्र टिकली, नाना!

माझी लेक आता लांब असते. मीही सकाळी उठून आधी तिचं 'लास्ट सीन' बघते. पण बघून 'हूं' म्हणत नाही, लगेच विचारते, जेवलीस का? उत्तर आलं नाही की पुन्हा विचारते. "आई, किती वेळा!" म्हणून ती चिडते. नाना असते तर हातावर पट्टी बसली असती.

नाही, नसती बसली.